अकरा देश आणि एक चूल

त्या दिवशी नवरात्रातली सातवी माळ होती. २१ ऑक्टोबर २०२३, शनिवार. तुळजापुरात आमच्या खानावळीत पहाटे तीनपासून भगर शिजली असणार, आई साबुदाणा परतता परतता गल्ल्यावरच्या दादाला काहीतरी ओरडून सांगत असणार. आणि मी तिथून जवळपास अर्धी पृथ्वी ओलांडून, फ्लोरिडातल्या एका तळ्याकाठी, अकरा देशांचे पदार्थ बघत उभा होतो. पोटात कावळे ओरडत होते. मला उपास होता.

क्लायंटकडे दोन महिन्यांसाठी गेलो होतो. टीममधल्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी एपकॉटला नेलं. डिस्नेचं हे पार्क १ ऑक्टोबर १९८२ ला उघडलं. वॉल्ट डिस्नेच्या डोक्यात मुळात पार्क नव्हतंच, माणसं खरोखर राहतील असं भविष्यातलं शहर होतं. तो १९६६ मध्ये गेला आणि पुढे त्या शहराचं पार्क झालं. त्याच्या मागच्या भागाला 'वर्ल्ड शोकेस' म्हणतात. तळ्याभोवती साधारण दोन किलोमीटरचा रस्ता आणि त्यावर ओळीने मांडलेले देश: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा. प्रत्येक देशात त्याची एखादी ओळखीची इमारत, दुकान, खाणं. आयफेल टॉवर आहे, पण मूळ टॉवरच्या दहाव्या हिश्शाएवढा. बीजिंगचं स्वर्गमंदिर आहे, मुळाच्या निम्मं. इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान बांधलेत, म्हणजे खालून बघताना त्या उंच वाटतात.

या अकरांत भारत नाही. पण दरवर्षी तिथे खाद्यमहोत्सव भरतो, त्यात आणखी देशांचे ठेले लागतात. भारताचाही होता.

उपासाच्या माणसाने खाद्यमहोत्सवात जाणं म्हणजे पोहता न येणाऱ्याने कल्लोळ तीर्थाच्या पायरीवर बसून राहण्यासारखं. टॅको मक्याचे, मका उपासाला चालत नाही. ब्रिटनमधले बटाट्याचे काप चालले असते, पण ते माशाच्याच तेलात तळलेत का, हे विचारायला लाज वाटली. शेवटी मेक्सिकोच्या पिरॅमिडात शिरलो. आत कायमची संध्याकाळ असते. बाहेर टळटळीत ऊन आणि आत निळसर आभाळ, लांबवर ज्वालामुखी, मधून जाणारी नाव. माझ्यासोबत टीममधली एक मुलगी होती, मूळची मेक्सिको सिटीची. ती म्हणाली, "इथे आलं की आमच्या देशात नेहमी रात्रच असते." आम्ही हसलो. मी बॅगेतून आईने दिलेल्या राजगिऱ्याच्या वड्यांचा डबा काढला आणि एक तिच्यापुढे धरली.

तिने वडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि जवळजवळ ओरडलीच, "आलेग्रिया!"

आलेग्रिया म्हणजे आनंद. तिच्या शहरात रस्त्यावर, मेट्रो स्टेशनाबाहेर ही वडी मिळते, याच नावाने. राजगिरा तिकडचाच. युरोपी लोक तिथे पोचण्याआधी अझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड पाक घालून देवांच्या मूर्ती करत, त्यांची पूजा करत आणि मग त्या मोडून प्रसादासारख्या वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना हे भयंकर वाटलं, त्यांनी ते बंद पाडलं. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की माझ्या आईचा उपास आणि हिच्या आजीचा देव एकाच कणसातून आलेत.

नंतर हिशेब मांडला. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच, शेंगदाणा तिथलाच, हिरवी मिरचीही त्याच बाजूची. अमेरिका खंडातून हे सगळं आलं, ते गेल्या पाचेकशे वर्षांत. म्हणजे तुळजाभवानीच्या नवरात्रात आमच्या खानावळीत जे 'शुद्ध उपासाचं' ताट जातं, ते बहुतेक सगळं मेक्सिकोपासून पेरूपर्यंतचं. एरवीच्या जेवणातली ज्वारी आफ्रिकेतून आलेली. आणि देवीच्या नावाने गळ्यात घालतात ती कवड्यांची माळ? तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तुळजापूरची म्हणून. पण कवडी समुद्रात होते, आणि आमच्याकडून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. आमच्या गावातली सगळ्यात आमची वस्तू परगावची आहे.

त्याच दिवशी मी दोन गोष्टी केल्या, ज्यांच्यामुळे हा लेख लिहावा लागला.

पहिली. भारताच्या ठेल्यावर माझ्या टीम लीडने वाडगाभर करी-भात घेतला. एक घास खाऊन तो खूश झाला आणि त्याने विचारलं, "तुझी आई असंच करते का?" माझ्या आईच्या हातचं म्हणजे हुलग्याचे शेंगोळे, येसरची आमटी, धपाटे, ठेचा. त्या वाडग्याचा आमच्या घराशी संबंध एवढाच, की दोन्हीकडे मीठ घालतात. मी म्हणालो, "हुबेहूब."

दुसरी. मी सगळ्या देशांचे व्हिडिओ काढले आणि दादाला पाठवले.

०

तीन महिन्यांनी, पौषात, घरी गेलो तेव्हा दादाने वहीच पुढे टाकली. खानावळीचा नवा नकाशा. आमची खानावळ महाद्वाराकडे जाणाऱ्या एका बोळात आहे. बारा टेबलं, भिंतीवर अण्णांचा फोटो. अण्णा २०१९ मध्ये गेले, तेव्हापासून दादाच बघतो. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम चालू आहे. गाडी सुरू झाली की लोंढे येणार, आणि देवीच्या दर्शनाला येणारा आता नुसतं पोट भरायला बसत नाही, त्याला 'काहीतरी वेगळं' लागतं, असं त्याचं म्हणणं.

वहीत काय होतं? बैलगाडीचं चाक. कंदील. पोरांना फेटे. शेणाने सारवल्यासारखा दिसणारा रंग. आणि दर्शनी भागात, काचेशिवाय, सगळ्यांना दिसेल अशी चूल. चुलीपुढे नऊवारीत आई, भाकरी थापताना. वर पाटी: 'अस्सल गावरान'. खर्च नऊ लाख. त्यातले सहा माझ्याकडून.

मी म्हणालो, "दादा, हे नकली वाटतं."

"नकली?" तो म्हणाला. "तूच पाठवलास की व्हिडिओ. तिकडं लोकं सिमेंटचे देश बघायला डॉलर मोजायलेत. आपली तर आई खरी हाय, भाकरी खरी हाय. नकली काय त्यात?"

मला उत्तर देता येईना. आमच्या धंद्यात क्लायंटला डेमो दाखवतात. त्यात डेटा बनावट असतो, जे बटण चालत नाही ते आपण दाबत नाही. तरी डेमो म्हणजे फसवणूक नव्हे, कारण समोरच्यालाही माहीत असतं की हा डेमो आहे. एपकॉटच्या आयफेल टॉवरने कोणाला फसवलं? कोणालाच नाही. मग दादाच्या कंदिलाने कोणाला फसवलं असतं?

म्हणजे माझी हरकत खोटेपणाला नव्हती. कशाला होती, ते शोधायला मला पुन्हा त्या तळ्याकाठी जावं लागलं, मनाने.

०

नॉर्वेतल्या बेकरीत एक मुलगी होती. तिथे सगळ्यांच्या छातीवर नावाची पट्टी असते आणि नावाखाली कुठून आलात ते. मी तिला तिच्या गावाबद्दल विचारलं. तिने छान उत्तर दिलं: थंडी, समुद्र, उन्हाळ्यातला न मावळणारा सूर्य. शब्द हसरे होते, पण आवाज मी ओळखला. अण्णा भाविकांना कल्लोळ तीर्थाची कथा सांगायचे तेव्हा त्यांचा हाच आवाज असायचा. हजाराव्यांदा सांगण्याचा आवाज. त्यात खोटं काहीच नसतं. फक्त सांगणारा तिथे नसतो.

अमेरिकेच्या १९९० च्या एका कायद्याने 'क्यू' नावाचा व्हिसा सुरू झाला. तो आपल्या देशाची संस्कृती, इतिहास, परंपरा लोकांपुढे मांडायला येणाऱ्यांसाठी असतो आणि जास्तीत जास्त १५ महिने चालतो. एपकॉटमुळे तो इतका ओळखीचा झाला की लोक त्याला सरळ 'डिस्ने व्हिसा' म्हणतात. मी तिथे कोड लिहायला गेलो होतो. माझा देश माझ्या सोबत होता, पण कामाला नव्हता. या मुलांचा देश हीच त्यांची नोकरी.

मला यात वाईट वाटावं असं सुरुवातीला काही दिसेना. पगार आहे, शिफ्ट आहे, मुदत आहे. शिफ्ट संपली की ती मुलगी पोशाख उतरवून पिझ्झा खायला मोकळी आहे, घरी जाऊन नॉर्वेबद्दल एक अक्षर न बोलायला मोकळी आहे. आणि हे प्रदर्शन नुसतंच उथळ असतं असंही नाही. मोरोक्कोचा भाग १९८४ मध्ये उघडला. तो उभारायला मोरोक्कोच्या राजाने आपल्याकडचे कारागीर पाठवले. तिथली फरशीच्या तुकड्यांची नक्षी त्यांनी स्वतःच्या हाताने जोडली. पार्कात असली म्हणून ती कला कमी होत नाही. गोंधळी लग्नाच्या हॉलमध्ये संबळ वाजवतो, म्हणून संबळ खोटा वाजत नाही.

उलट, मांडलेलं खरं असावं याची फिकीर कोणी केलीच नाही तर काय होतं, हेही त्याच नॉर्वेत दिसतं. तिथे १९८८ पासून एक नावेची राइड होती. वायकिंग, डोंगरातले राक्षस, उत्तर समुद्रातला तेलाचा फलाट. थोडं कथेतलं, थोडं खरं. २०१४ मध्ये ती बंद झाली आणि २०१६ मध्ये तिच्या जागी 'फ्रोझन' सिनेमाची राइड आली. त्या सिनेमातलं राज्य नकाशावर कुठेच नाही. आता नॉर्वेत जाणारी मुलं रांग लावतात ती नसलेल्या देशात जायला. एका देशावर दुसरा देश चढवला गेला आणि दुसरा जास्त गोड होता, म्हणून फारसं कोणाचं अडलं नाही.

हे वाचताना मला माझं 'हुबेहूब' आठवलं. मीही तेच केलं होतं. शेंगोळे म्हणजे काय हे सांगायला दहा मिनिटं लागली असती, समोरचा खूश होता, मला सोपं होतं. त्या एका शब्दात मी आईचा सगळा स्वयंपाक पुसला आणि तिच्या जागी एक करी बसवली. बरं, टीम लीडने विचारलं होतं मनापासून. ज्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, त्याला मी परत पाठवलं.

म्हणजे दोन प्रकारे चुकता येतं. एक, दुसऱ्याला पुसून त्याच्या जागी बघणाऱ्याला आवडेल असं काहीतरी ठेवायचं. दोन, दुसऱ्याला आहे तिथेच गोठवायचं: हल्लू नकोस, बदलू नकोस, तू अशीच छान दिसतेस. पहिल्या चुकीला आपण 'नकली' म्हणतो आणि नाक मुरडतो. दुसऱ्या चुकीला आपण 'अस्सल' म्हणतो आणि तिचे जास्त पैसे देतो.

दादाची वही दुसऱ्या चुकीची होती. पण हे मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. ते आईने सांगितलं.

०

रात्री ती मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि जुड्या सोडायला लागलो.

"आई, दादाची वही बघितलीस का?"

"बघितली."

"मग?"

"मग काय? मला कुठं कोण विचारलंय."

"मी विचारतोय."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फेटे बांधा, चाक लावा, कंदील टांगा. माझं काय जातंय. नऊवारी बी नेसते, त्यात काय. चूल नको."

तुम्ही शहरात वाढला असाल तर चुलीवरची भाकरी म्हणजे चव, सुगंध, हायवेवरच्या ढाब्याची पाटी. आमच्या घरात चूल म्हणजे आईचा खोकला. लग्न होऊन आली तेव्हापासून जवळपास वीस वर्षं ती खानावळीच्या मागच्या खोलीत चुलीपुढे बसली. खिडकी एकच, तीही बोळात उघडणारी. यात्रेच्या दिवसांत दोनशे-अडीचशे भाकऱ्या. २०११ मध्ये ती रात्र-रात्र बसून राहायला लागली, आडवं झालं की धाप. डॉक्टरांनी सांगितलं, धूर बंद करा. अण्णांनी उधारीवर गॅसची भट्टी आणली. ज्या दिवशी भट्टी लागली त्या दिवशी आईने जुनी चूल स्वतः पहारीने फोडली. मी तेव्हा शाळेत होतो. तिला इतकं हलकं झालेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एकट्या २०२० मध्ये घरातल्या चुलींच्या अशा धुराने जगभरात ३२ लाख माणसं गेली. हा आकडा मी आईला सांगितला नाही. तिला आकड्याची गरज नव्हती. ती एवढंच म्हणाली, "धूर फोटोत येत नाही रं."

शाळेत असताना आमची सहल कोल्हापूरजवळ कणेरी मठावर गेली होती. तिथे सिद्धगिरी म्युझियममध्ये सगळं जुनं गाव पुतळ्यांत उभं केलंय. कुंभार, लोहार, सुतार, मोट, खळं, स्वयंपाक करणाऱ्या बायका. इतके हुबेहूब, की एका म्हाताऱ्याच्या पुतळ्याला आमच्यातल्या एकाने वाट विचारली होती. मला ते खूप आवडलं होतं, आजही आवडेल. पण त्या रात्री ते गाव आठवून वेगळंच वाटलं. पुतळ्यांच्या गावात कोणी खोकत नाही. तिथे कोणाला पाणवठ्यावरून हाकलत नाहीत. कुंभाराच्या पोराला इंजिनिअर व्हायचं नसतं. पुतळे गाव छान सांभाळतात, कारण त्यांना कुठे जायचं नसतं. दादाला आईच्या जागी जे हवं होतं ते खरं तर पुतळाच. फक्त तो भाकरी थापणारा हवा होता.

दादा वाईट माणूस नाही. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याची पोरगी दहावीला आहे. गिऱ्हाईक अस्सल मागतं, तो देणार. गिऱ्हाईकही वाईट नाही. पुण्या-मुंबईत आठवडाभर स्विगीचं खाऊन कंटाळलेल्या माणसाला एक दिवस खरं काहीतरी चाखावंसं वाटतं, यात पाप काय? मीही एपकॉटात तेच शोधत होतो. अडचण अशी, की त्या साखळीत प्रत्येकाला काहीतरी मिळतं: गिऱ्हाइकाला समाधान, दादाला गल्ला, मला 'मुळांशी जोडलेला' असल्याचा अभिमान. त्याची किंमत जिच्या छातीत जमा होते, तिला तेवढं कोणी विचारत नाही.

"आणि एक सांगू का?" आई म्हणाली. "मला ते मंच्युरियन ठेवायचंय."

"काय?"

"कोबीचं मंच्युरियन. मोबाइलवर बघून शिकले. चारदा केलं. तुझ्या वहिनीला इचार, कसं झालतं. मी म्हणलं ठेवू की कार्डावर, तर हा म्हणतोय थीममधी बसत नाही."

मला हसू आवरेना. मंच्युरियनची जन्मकथा अशी सांगतात: कोलकात्यात जन्मलेल्या, चिनी वंशाच्या नेल्सन वाँग या आचाऱ्याने १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये, काहीतरी नवीन कर म्हटल्यावर, आलं-लसूण-हिरवी मिरची परतून त्यात सोया सॉस ओतला. चीनमधल्या मांचुरियात तो पदार्थ नाही. म्हणजे नकलीतला नकली. पण आईला तो करायचा होता. पंचावन्न वर्षांत तिने खानावळीसाठी जे केलं ते सगळं आजेसासूने, सासूने, अण्णांनी ठरवलेलं. हा पहिला पदार्थ तिने स्वतः निवडला होता. आता मला सांगा, आमच्या खानावळीतलं सगळ्यात अस्सल काय?

मला वाटतं, 'हे खरं आहे का?' हा प्रश्न आपण वस्तूंना विचारत बसतो आणि तिथेच अडकतो. वस्तूंच्या बाबतीत त्याला तळ लागत नाही. मिरची पोर्तुगिजांबरोबर आलेली, कवडी समुद्रातली, ज्वारी आफ्रिकेतली, मंच्युरियन मुंबईचं. खणत जाल तितकं सगळं परगावचं निघतं. तो प्रश्न माणसांना विचारला तर उत्तर मिळतं. जो दाखवला जातोय त्याला हे दाखवायचं आहे का? तो नको म्हणू शकतो का? उद्या त्याला बदलावंसं वाटलं तर बदलू शकतो का? त्याची शिफ्ट संपते का? नॉर्वेच्या त्या मुलीची संपत होती. आईची दादाच्या वहीत कुठेच संपत नव्हती.

०

मी सहा लाख दिले. अट एकच घातली: चूल पेटवायची असेल तर तिच्यापुढे दादाने बसायचं.

तो बसलाही. हट्टी आहे. चैत्री पौर्णिमेच्या गर्दीत चार दिवस त्याने चुलीपुढे बसून भाकऱ्या केल्या, निम्म्या आफ्रिका खंडाच्या आकाराच्या. डोळे लाल, आवाज बसलेला. पाचव्या दिवशी चूल पेटली नाही. त्यावर कोणी काही बोललं नाही. आता ती तशीच आहे, सारवलेली, शेजारी गोवऱ्या रचलेल्या. पुतणीने पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय: 'अशी चूल या खानावळीत २०११ पर्यंत पेटत होती. आता भाकरी गॅसवर होते.' लोक तरी तिचे फोटो काढतात. फेटे आहेत, चाक आहे. पाटीवरचा 'अस्सल' हा शब्द काढला. मेनूकार्डावर शेंगोळ्यांच्या खाली, शेवटच्या ओळीत, कोबी मंच्युरियन आहे.

सगळं छान झालं असं सांगता येणार नाही. ऑनलाइन कोणीतरी एकच तारा देऊन लिहिलंय, 'नाव मोठं, चूल बंद, मंच्युरियन विकतात.' दादा अजूनही म्हणतो की पेटत्या चुलीने दुप्पट गल्ला झाला असता. कदाचित खरं असेल. त्याचं कर्ज आहे तेवढंच आहे, आणि माझ्या तत्त्वाचा हप्ता तो भरतोय, हे मला पुण्यात बसून विसरता येत नाही.

टीम लीडला मी नंतर एका कॉलवर सांगितलं, की त्या दिवशी मी खोटं बोललो. आमच्याकडे ती करी होत नाही. मग शेंगोळे म्हणजे काय ते सांगितलं. दहा नाही, चार मिनिटं लागली. त्याने विचारलं, "हुलगे इथे मिळतील का?"

मागच्या भाद्रपदात घरी होतो. नवरात्राआधीचे दिवस. देवीची घोर निद्रा चालू होती. आमची देवी वर्षातून तीनदा निजते. मूर्ती सिंहासनावरून काढतात आणि पलंगावर निजवतात. येणारा कितीही लांबून आलेला असो, त्या दिवसांत सिंहासन रिकामं असतं. लहानपणापासून हे बघत आलोय, पण त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, की बघायला येणाऱ्यांच्या गावाने ही गोष्ट फार पूर्वीच ठरवून ठेवली होती.

दुपारचे तीन वाजले होते. खानावळ रिकामी. आई चुलीशेजारच्या बाजेवर पदर तोंडावर घेऊन झोपली होती. एक कुटुंब आत डोकावलं. त्यातल्या दादांनी मोबाइल काढला.

"आजींचा एक फोटो काढू का? चुलीशेजारी, एकदम नॅचरल."

"झोपलीय ती," मी म्हणालो. "साडेचारला उठेल. तेव्हा विचारा तिला."

ते थोडे नाराज झाले. चुलीचा फोटो काढून निघून गेले. आई उठली तेव्हा मी तिला मोठ्या अभिमानाने हे सांगितलं.

"मग उठवायचंस की," ती म्हणाली. "केस तरी विंचरले असते."